किल्ली हातात देण्याआधी

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

बाबा, तुम्ही दोनदा विचारलंत की हल्ली मी नेमकं काय करते, आणि दोन्ही वेळा मी ‘घरांचं एक अ‍ॅप’ म्हणून विषय संपवला. फोनवर घाई असते. शिवाय नीट सांगायचं तर आधी एक जुनी गोष्ट सांगावी लागते, आणि ती मी तुमच्यापासून लपवली होती.

मी नोकरी बदलून नव्या गावी आले, तेव्हा जुन्या घराच्या कराराचे पाच महिने उरले होते. ‘त्या घराची सोय लागली’ असं मी तुम्हांला सांगितलं. सोय म्हणजे एक पोटभाडेकरू. भला वाटला, सगळं तोंडी ठरलं. मालकांना फोन केला, ते ‘बरं’ म्हणाले. त्या ‘बरं’वर मी किल्ली देऊन मोकळी झाले. दोन महिने भाडं आलं, मग बंद. मालकांचा फोन मला आला, आणि त्यांचं चुकत नव्हतं. करारावर सही माझी होती. आपण पोटभाडेकरू ठेवला म्हणून मालकाशी केलेला करार संपत नाही. भाडं थकलं, काही मोडलं, तर मालक मूळ भाडेकरूलाच धरतो. उरलेलं भाडं मी भरलं. वर डिपॉझिटमधून भिंतीच्या ओलीचे पैसे कापले गेले. ती ओल मी राहायला गेले त्या दिवसापासून होती, पण माझ्याकडे एकही फोटो नव्हता. बाबा, तेव्हा तुमचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून बोलले नाही. रागावू नका.

तेव्हापासून हे डोक्यात होतं. आम्ही तिघी मिळून आता जे करतो आहोत ते यासाठीच: मध्येच घर सोडावं लागणारा माणूस आणि थोड्याच महिन्यांसाठी घर हवं असणारा माणूस यांची गाठ पडावी, आणि दोघांनाही झोप लागावी. अशी माणसं खूप असतात. घराचा करार बहुधा वर्षाचा असतो, पण शिक्षण, बदली, आजारपण वर्षाच्या मापाने येत नाही.

आधी मला वाटायचं, घर शोधायची सोय चांगली केली की झालं. शोधणं सोपंच निघालं. फक्त तारखांचा गुंता होता. एकाचं घर दहा तारखेला रिकामं होतं, दुसऱ्याला पंधरापासून हवं असतं. अचूक तारीख जुळवायला गेलं की पडद्यावर ‘काही सापडलं नाही’ येतं आणि माणूस परत फिरकत नाही. म्हणून आम्ही थोड्या दिवसांची मागेपुढे सवड ठेवली. कराराच्या शेवटच्या दिवसापलीकडची तारीख मात्र निवडताच येत नाही. आपल्याकडे जितकी मुदत आहे त्यापेक्षा जास्त आपण दुसऱ्याला देणार कुठून?

खरी अवघड जागा मालकांची संमती. बऱ्याच जणांना ती विचारायचीच भीती वाटते, ‘नाही म्हणाले तर?’ म्हणून. मग चोरून पोटभाडेकरू ठेवतात आणि स्वतःचंच घर गमावून बसतात. आमच्या अ‍ॅपमध्ये संमती आल्याशिवाय जाहिरात लागत नाही. मालकांना एकच पान जातं: कोण येणार, कधीपासून कधीपर्यंत, भाड्याची जबाबदारी कोणाची. खाली ‘मान्य’ आणि ‘मान्य नाही’. यामुळे आमच्याकडची घरं कमी होतील असं माझी एक सहकारी म्हणते. तिचं खरं आहे, तरी मी हटले नाही.

फसवणुकीचं तुम्हांला वेगळं सांगायला नको. दुसऱ्याच्या घराचे फोटो उचलायचे, भाडं फार कमी दाखवायचं, ‘मी परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरियरने येईल’ म्हणायचं. आमच्याकडे घर पाहिल्याशिवाय पैसे भरायचं बटणच उघडत नाही. डिपॉझिट आम्ही स्वतःकडे ठेवणार नाही. लोकांचे पैसे सांभाळायला बऱ्याच देशांत परवाना लागतो, आणि तसा परवाना असलेल्या संस्थेकडेच ते राहावेत हे बरं. तिच्याशी बोलणी चालू आहेत.

एक गोष्ट मला फार लागली. थोड्या दिवसांसाठी घरं भाड्याने मिळतात त्या एअरबीएनबीवर हार्वर्डच्या संशोधकांनी एक प्रयोग केला होता, २०१७ साली तो छापून आला. मागणी तीच, मजकूर तोच, फक्त पाठवणाऱ्याचं नाव बदललेलं. नाव कृष्णवर्णीय वाटलं की होकार १६ टक्क्यांनी कमी. आई, नाव आणि चेहरा बघून ‘घर दिलं गेलंय’ असं ऐकणारी माणसं आपणही पाहिली आहेत. म्हणून पहिल्या मागणीत आम्ही नाव आणि फोटो दाखवत नाही. ओळखपत्र तपासलं आहे की नाही, आधीच्या मालकांनी काय लिहिलंय, तारखा कोणत्या, एवढंच दिसतं. नाव होकारानंतर उघडतं. यानं सगळं मिटणार नाही, हे मला कळतं.

आता बाबा, तुमच्याबद्दल. आपण घर बदलायचो तेव्हा तुम्ही लांब वही घेऊन खोल्याखोल्यांतून फिरायचात. ‘नळ ४, पैकी १ गळतो. पंखे ३, मधल्याचा आवाज. खिडकीच्या काचेला तडा, डावीकडे खाली. मीटर...’ आणि आकडा. मग मालकांची सही. मी आणि दादा दारात ताटकळायचो, मला तर लाज वाटायची की बाबा लोकांवर अविश्वास दाखवतात. ती वही आता माझ्या अ‍ॅपमधली सगळ्यांत महत्त्वाची जागा आहे. आम्ही तिला ‘ताबा यादी’ म्हणतो. किल्ली देताना दोघांनी मिळून खोलीवार फोटो काढायचे. तारीख-वेळ आपोआप नोंदली जाते, मीटरचा आकडा टाकायचा, दोघांनी मान्य करायचं. घर सोडताना तीच यादी पुन्हा समोर येते, जुना फोटो डावीकडे, नवा उजवीकडे. माझ्याकडे त्या ओलीचा एक फोटो असता तर!

आई, गेल्या महिन्यात तुझ्या फोनवर मी हे उघडायला लावलं होतं ना, तेव्हा तू ‘पोटभाडेकरार स्वीकारा’ या बटणापाशी थांबलीस, चष्मा वर केलास आणि विचारलंस, ‘हे दाबलं की माझ्याकडून काय जातं?’ मी उत्तर देणार होते, पण थांबले, कारण अ‍ॅप वापरणाऱ्याशेजारी मी बसलेली नसणार. त्या रात्री ते पान नव्याने लिहिलं. आता बटणावर लिहिलंय, ‘दरमहा भाडं भरायचं मी कबूल करते’, आणि वर रक्कम आणि शेवटची तारीख ठळक. पुरुषांसाठी ‘करतो’ दिसतं, तेही तूच सुचवलंस. वेबसाइट वापरायला किती सोप्या आहेत याचा अभ्यास करणाऱ्या याकोब नील्सन यांनी २००० साली लिहून ठेवलंय की पाच माणसांना वापरायला दिलं तरी बहुतेक अडचणी समोर येतात. आमच्या पाचांत तू पहिली होतीस.

सुरुवात एकाच वस्तीपासून करतोय. घरं नसली तर माणसं येत नाहीत, माणसं नसली तर कोणी घर टाकत नाही. हा तिढा सगळीकडे एकदम सुटत नाही, एखाद्या कोपऱ्यात सुटतो.

बाबा, ती वही माळ्यावरच्या ट्रंकेत असेल. सापडली तर पानांचे फोटो पाठवा. तुम्ही काय काय तपासायचात ते मला सगळं आठवत नाही, आणि आमच्या यादीत काहीतरी राहून गेलंय असं वाटत राहतं. माळ्यावर मात्र स्वतः चढू नका, शेजारच्या कोणाला तरी सांगा. रविवारी नवीन पान दोघांना पाठवते. या वेळी तुम्ही वापरत असताना मी मध्ये बोलणार नाही.

तुमची,
लेक