मोठ्याला जास्त मिळालं, पण पुरलं नाही: आमच्या लॅबच्या परिचर मामांना पत्र

आदरणीय मामा,

सप्रेम नमस्कार.

परवाच्या निरोप समारंभात सगळे तुमच्याबद्दल भरभरून बोलले. तुमचा वक्तशीरपणा, काचसामानाचा चोख हिशेब, पावसाळ्यात मायक्रोस्कोपच्या भिंगांना बुरशी लागू नये म्हणून तुम्ही घेतलेली काळजी. सगळं खरंच आहे. पण दहावीच्या मुलांना पेशी आणि पेशीविभाजन कळलं त्यात तुमचा केवढा वाटा आहे, याबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. काढणार तरी कसं? ते लॅबच्या दाराआड घडलं आणि तिथे मी, तुम्ही आणि मुलंच होतो. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितेय. तुमचे आभार मानायचेत, आणि ते नेमके कशाबद्दल हे इतरांनाही कळायला हवं.

दहावीच्या पुस्तकात सूत्री विभाजनाच्या, म्हणजे एका पेशीच्या दोन सारख्या पेशी होण्याच्या, चार अवस्था आहेत. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था. मुलं त्या पाठ करतात, सुबक आकृत्या काढतात, नावं देतात आणि गुण मिळवतात. पण दरवर्षी मागच्या बाकावरून एक प्रश्न येतोच: "मॅडम, पेशी मुळात विभागते कशाला? मोठी होत का जात नाही?"

याच्या उत्तराचा एक भाग फळ्यावर मांडता येतो. १ सेंटिमीटर बाजूच्या घनाचं पृष्ठफळ ६ आणि घनफळ १. बाजू २ केली की पृष्ठफळ २४ आणि घनफळ ८. बाजू ३ केली की ५४ आणि २७. म्हणजे घनफळाच्या एका एककामागे पृष्ठफळ आधी ६, मग ३, मग २. पेशीला ऑक्सिजन आणि अन्न घ्यायचं असतं ते प्रद्रव्यपटलातून, म्हणजे तिच्या बाहेरच्या पातळ आवरणातून, आणि लागतं ते आतल्या सगळ्या जीवद्रव्याला. पेशी वाढत गेली की आतली गरज वेगाने वाढते आणि पटल मागे पडतं. मुलं हे वहीत उतरवून घेतात, मान डोलावतात, आणि त्यांच्या डोळ्यांत काहीच हललेलं नसतं. मृगाच्या पावसात वर्गाबाहेर बघणाऱ्या चाळीस मुलांपुढे गुणोत्तर हा फार कोरडा विषय आहे.

त्या दिवशी तुम्ही रसायनशास्त्राच्या कपाटातून फिनॉल्फ्थॅलीनची, म्हणजे सोड्यात गुलाबी आणि आम्लात बिनरंगी होणाऱ्या दर्शकाची, बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवलीत आणि म्हणालात, "मॅडम, ठोकळे करून बघू या का? आधीच्या एका सरांनी केले होते." ठोकळे जमवायला लागणारी 'अगर' नावाची पावडर आपल्याकडे नव्हती आणि मागवायची तर महिना गेला असता. तुम्ही संध्याकाळी किराणा दुकानातून चायना ग्रास आणलंत. अगर म्हणजे तेच की! दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आत तुम्ही ते उकळून, त्यात फिनॉल्फ्थॅलीन आणि थोडं कॉस्टिक सोड्याचं द्रावण घालून स्टीलच्या खोल डब्यात जमवून ठेवलं होतंत. गडद गुलाबी रंग. मुलं आत आली आणि पहिल्याच क्षणी सगळी त्या डब्याभोवती जमली. "हातमोजे घातल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही," हे तुम्ही ज्या आवाजात सांगितलंत, तो आवाज मला अजून साधलेला नाही.

मग पट्टीने मोजून तीन ठोकळे कापले. बाजू १, २ आणि ३ सेंटिमीटर. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात तिन्ही एकदम सोडले. आम्ल आत शिरेल तिथला गुलाबी रंग जाणार. दहा मिनिटं थांबायचं होतं, तेवढ्यात मी मुलांना अंदाज विचारला. बहुतेकांनी मोठ्या ठोकळ्याला कौल दिला. त्याचा पृष्ठभाग मोठा, म्हणून तोच जास्त आम्ल घेणार.

ठोकळे बाहेर काढून, पाण्यात बुडवून, मधोमध कापले. लहान ठोकळा जवळजवळ पूर्ण पांढुरका, मधे फक्त गुलाबी ठिपका. मोठ्याच्या पोटात भलामोठा गुलाबी चौकोन जसाच्या तसा. मुलं गोंधळली. मी समजावायला तोंड उघडणार एवढ्यात तुम्ही एका मुलीच्या हातात पट्टी दिलीत. "कडेपासून किती आत गेलंय ते तिन्हीत मोज." तिने मोजलं. तीन मिलिमीटर. परत मोजलं. तिन्हीत तीनच.

"तिन्हीत सारखंच आत गेलंय," तुम्ही म्हणालात. "मोठ्याला जास्त मिळालं, पण पुरलं नाही."

मामा, या एका वाक्याबद्दल मी तुमची आयुष्यभर ऋणी आहे. पृष्ठफळ आणि घनफळ यांच्या गुणोत्तराचा सगळा अर्थ त्यात आहे आणि तो नववी-दहावीच्या मुलाला पहिल्या फटक्यात कळतो. त्यानंतर मुलांनीच गणित केलं. तीन मिलिमीटर आत, म्हणजे प्रत्येक बाजूतून सहा मिलिमीटर वजा. लहान ठोकळ्याचा जेमतेम ६ टक्के भाग आम्लाविना राहिला, मधल्याचा ३४ टक्के, मोठ्याचा ५१ टक्के. निम्म्याहून अधिक पोट उपाशी! "उपाशी" हा शब्द मुलांचा. मग मला फक्त एवढंच सांगायचं उरलं की विसरणाने, म्हणजे आपोआप पसरत, जाणाऱ्या कणाला दुप्पट अंतरासाठी साधारण चौपट वेळ लागतो. पेशीएवढं, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढं अंतर ऑक्सिजनचा रेणू सेकंदाच्या अंशात कापतो. तोच एक सेंटिमीटर जायला त्याला कित्येक तास लागतात. आपल्या बहुतेक पेशी इतक्या बारीक का, हे त्या दिवशी मला कुणाला पटवून द्यावं लागलं नाही. हत्तीच्या पेशी मोठ्या असतील ना, असं एकाने विचारलं, तर दुसऱ्यानेच उत्तर दिलं की नाही, जास्त असतील.

आणि मग तुम्हीच तो प्रश्न विचारलात. सगळी मुलं जागेवर बसत होती आणि तुम्ही ट्रे उचलता उचलता म्हणालात, "पण मॅडम, अंड्यातला बलक एकच पेशी ना? मग ती एवढी मोठी कशी चालते?"

इतका चांगला प्रश्न मला वर्षानुवर्षं कुणी विचारला नव्हता. दुसऱ्या दिवशी तुम्ही घरच्या कोंबडीची अंडी आणलीत, मी दुकानातून पोल्ट्रीची आणली, आणि दोन्ही पेट्री डिशमध्ये फोडली. बलकाच्या वर तो फिकट पांढरा ठिपका मुलांनी आधी कधी पाहिलाच नव्हता. बलक जवळजवळ सगळा अन्नाचा साठा. जिवंत जीवद्रव्य आणि केंद्रक त्या काही मिलिमीटरच्या ठिपक्यात. मोठेपणा साठ्याचा आहे, काम करणारा भाग पातळ चकतीएवढाच आहे. तुमच्या घरच्या अंड्यात तो ठिपका कड्यासारखा गोल आणि मोठा दिसला, कारण तुमच्याकडे कोंबडा आहे. फलित अंडं कोंबडीच्या पोटात असतानाच विभागायला लागतं आणि बाहेर येईपर्यंत त्या ठिपक्यात हजारो पेशी झालेल्या असतात. पोल्ट्रीत कोंबडे ठेवत नाहीत, तिथलं अंडं फलित नसतं. घरी रोज अंडी फोडणाऱ्या मुलांना हे नवीन होतं.

यातून आणखी एक गोष्ट सुटी झाली आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. पेशी फार मोठी झाली की विभागते, एवढंच वाक्य धरून मुलं पुढे जातात. अंड्यातली सुरुवातीची विभाजनं त्याच्या उलट चालतात. तिथे पेशी मधे वाढतच नाहीत, विभागत जातात आणि लहान लहान होत जातात. इकडे चेतापेशी मणक्यापासून पावलापर्यंत मीटरभर लांब जाते आणि विभागत नाही. ती चालते कारण ती लांब असली तरी तंतू बारीक आहे, त्याच्या मध्यापासून पटल कधीच दूर नसतं. आकाराची मर्यादा खरी आहे. पण केव्हा विभागायचं आणि केव्हा थांबायचं हे पेशी आतल्या-बाहेरच्या अनेक संकेतांवरून ठरवते. हे मी मुलांना सांगू शकले ते तुम्ही विचारलेल्या प्रश्नामुळे.

कांद्याबद्दल तर मी काय लिहू! कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड सगळीकडे करतात, पण तयार स्लाइड विकत आणून दाखवणं सोपं असतं म्हणून बरेच जण तेवढ्यावर थांबतात. तुम्ही थांबला नाहीत. कांदाचाळीतला जुना उन्हाळी कांदा, त्यातली गोल्टी, म्हणजे लहान गोल कांदा, निवडून आणायची, कारण ती बाटलीच्या तोंडावर नेमकी बसते. तळाची सुकलेली मुळं ब्लेडने खरवडायची. पाणी बुडाला फक्त टेकलं पाहिजे, कांदा बुडाला की सडतो. पाणी रोज बदलायचं. आणि मुळं कापायची ती सकाळी. तुम्ही ती कापून अल्कोहोल आणि अ‍ॅसेटिक आम्लाच्या मिश्रणात टाकायचात आणि मग शाळेची घंटा व्हायची.

तुमच्या शेजारी उभं राहून मुलं शिकली: मूळ कोमट हायड्रोक्लोरिक आम्लात थोडा वेळ ठेवलं की पेशी एकमेकींपासून सुटतात, मग धुऊन अ‍ॅसिटोकार्माइनचा लाल रंग, मग टोकाचे दोन मिलिमीटर ठेवून बाकीचं कापून टाकायचं. कव्हरस्लिप, वर टिपकागद, आणि अंगठ्याने सरळ दाब. "अंगठा घसरला की गेली स्लाइड." मुलांचे अंगठे घसरत, तुम्ही न कंटाळता पुढचं मूळ देत.

भिंगाखाली पाहिल्यावर मुलांची आधी निराशाच होते. त्यांना वाटलेलं असतं सगळ्या पेशी विभागताना दिसतील. बहुतेकींत फक्त एक गोल रंगलेलं केंद्रक असतं. तिथे तुम्ही मोजायला लावायचात. दृष्टिक्षेत्रातल्या सगळ्या पेशी मोजा, कोण कुठल्या अवस्थेत आहे ते लिहा. पूर्वावस्थेतल्या त्यातल्या त्यात बऱ्याच, मध्यावस्था थोड्या, पश्चावस्था शोधावी लागते. ज्या अवस्थेत पेशी जास्त वेळ असते ती जास्त दिसते, हे त्या आकड्यांतून मुलांनी स्वतः काढलं. पश्चावस्था सापडलेली मुलगी इतकी ओरडली की शेजारच्या वर्गातले सर बघायला आले. कांद्याची गुणसूत्रं सोळा. पश्चावस्थेत दोन्ही टोकांकडे सोळा-सोळा निघालेली. वॉल्टर फ्लेमिंगने १८८२ मध्ये सॅलॅमँडरच्या पेशी रंगवून ज्याचं वर्णन केलं, तेच आपल्या तालुक्यातल्या दहावीच्या मुलीने गोल्टीत पाहिलं.

एक बारकावा मात्र पूर्णपणे तुमचा. टोकाचं पाहून झालं की तुम्ही एक अख्खं, न दाबलेलं मूळ भिंगाखाली ठेवायचात आणि हळूहळू वर सरकवायचात. टोकाजवळ पेशी बारीक, चौकोनी, केंद्रकाने भरलेल्या. थोडं वर गेलं की त्याच पेशी लांबलचक. तिथे विभाजन थांबलंय आणि वाढ चाललीय. त्या लांब पेशीचं पोट रिक्तिकेतल्या, म्हणजे आतल्या पिशवीतल्या, पाण्याने भरतं आणि जीवद्रव्य भिंतीला चिकटून पातळ थरात राहतं, म्हणजे पटलापासून लांब काहीच नाही. अंड्याचं आणि चेतापेशीचं उत्तर इथे तिसऱ्या तऱ्हेने समोर आलं. पेशीचा आकार आणि विभाजन हे पुस्तकात वेगवेगळ्या ठिकाणी येतात, तुम्ही ते एका मुळावर दाखवलेत.

तुमच्या नेमणुकीच्या कागदावर "परिचर" लिहिलंय. बाटल्या धुणं, ओटे पुसणं, सामान मांडणं हे काम म्हणून. पण प्रश्न केव्हा विचारायचा, पट्टी कुणाच्या हातात द्यायची आणि मी कधी बोलू नये, हे ज्याला कळतं त्याला आमच्या भाषेत शिक्षक म्हणतात. आमच्या शाळेतल्या या जागेवर आता कायमचा माणूस येणार नाही असं कळतंय. त्याचं मला मनापासून वाईट वाटतं, आणि मी ते बैठकीत बोलले आहे, पुढेही बोलेन.

तुम्ही जाताना दिलेली वही मी उतरवून काढली आहे. चायना ग्रासचं प्रमाण, सोडा किती, आम्ल किती सौम्य, कांदा बाटलीवर कधी ठेवायचा, मुळं किती वाजता कापायची, सगळं तुमच्याच शब्दांत ठेवलंय. हातमोजांची सूचना पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात घेतली आहे. तालुक्यातल्या विज्ञान शिक्षकांच्या पुढच्या बैठकीत त्याच्या प्रती वाटणार आहे आणि वर तुमचं नाव घालणार आहे. नको म्हणू नका. बैठक शनिवारी सकाळी आहे. ठोकळ्यांचा प्रयोग तिथे करून दाखवायचा आहे, आणि सगळ्या शिक्षकांसमोर तो तुम्ही करावा अशी माझी विनंती आहे. चायना ग्रास मी आणते.

वहिनींना नमस्कार.

आपली,
दहावीच्या विज्ञानाची मॅडम