सर्व्हर डाऊन नव्हता, पत्ते वाटणारं मशीन बंद पडलं होतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या एका पतसंस्थेत सकाळी सकाळी काउंटरच्या काचेवर 'सर्व्हर डाऊन' असा कागद चिकटवलेला. बाहेर पासबुकं घेऊन माणसं उभी, त्यात एक आजी कळंब्याहून केएमटीच्या बसनं आलेल्या, ठेवीचं व्याज न्यायला. मी हापिसांच्या नेटवर्कची कामं करतो म्हणून मला बोलावलं. सर्व्हर ठणठणीत, नेटची लाईन पण चालू. कॅशियरच्या कॉम्प्युटरवर बघितलं तर आयपी, म्हणजे त्याचा नेटवर्कवरचा पत्ता, १६९.२५४ नं सुरू होणारा, म्हणजे मशीननं पत्ता मागितला, कुणी दिलाच नाही, म्हणून त्यानं आपला आपण घेतला, आणि असल्या पत्त्यावरनं सर्व्हरपर्यंत पोचताच येत नाही. पत्ते वाटायचं काम, ज्याला डीएचसीपी म्हणतात, ते एकाच जुन्या पीसीवर होतं आणि रात्री लाईट ये-जा करून त्याचा एसएमपीएस, म्हणजे आतला वीज पुरवणारा डबा, उडालेला.

त्यात लीज, म्हणजे दिलेला पत्ता वापरायची मुदत, ठेवलेली ८ तासांची. संध्याकाळी हापिस बंद झालं की सकाळपर्यंत सगळ्यांची मुदत संपली. विंडोज सर्व्हरवर मुळात ८ दिवस असतात, तेवढे जरी राहू दिले असते तरी बहुतेक कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर चालले असते आणि आजींना परत जावं लागलं नसतं.

मला वाईट याचं वाटतं की त्याच संस्थेत इन्व्हर्टर आहे, दोन कंपन्यांच्या नेट लाईनी आहेत, डेटाचा बॅकअप रोज होतो. फक्त पत्ते वाटणारा एकटा, आणि हे मी गावात लई ठिकाणी बघतोय.

दुसरा लावायचा म्हणजे नुस्तं दुसरं मशीन आणून जोडायचं असं पण नाही बरं का. अंबाबाईच्या देवळाजवळ एखाद्या यात्री निवासात काउंटरवर दोन माणसं बसवली आणि दोघांकडं त्याच खोल्यांच्या पण वेगवेगळ्या वह्या दिल्या तर काय होईल? एकाच खोलीच्या दारात दोन कुटुंबं. उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपात हेच झालेलं, प्रिंटरचा पत्ता पहिल्या मशीनवर राखून ठेवलेला, दुसऱ्यावर ती नोंदच नाही, प्रिंटर बंद असताना दुसऱ्यानं तोच पत्ता एका लॅपटॉपला देऊन टाकला आणि मग चलन निघेना म्हणून गाडी गेटवर थांबून राहिली.

साधा मार्ग म्हणजे खोल्या वाटून द्यायच्या. समजा १५० पत्ते आहेत, मुख्य मशीनला १२०, बॅकअपला ३०, एकाचे आकडे दुसऱ्यात येऊ द्यायचे नाहीत, आणि गेटवे (बाहेर जायचं दार), डीएनएस (नावावरनं पत्ता सांगणारा), राखून ठेवलेले पत्ते दोन्हीकडं सारखे लिहायचे. विंडोज सर्व्हर २०१२ पासून तर फेलओव्हर, म्हणजे एक बंद पडलं की दुसऱ्यानं काम उचलायची सोय, आतच आहे, दोन्ही मशीन एकच वही ठेवतात, काम निम्मं-निम्मं घेतात किंवा एक काम करतं आणि दुसरं तयार बसतं, फक्त दोन्हीची घड्याळं जुळलेली पाहिजेत, मिनिटाच्या वर फरक चालत नाही. लिनक्सवाल्यांनी मात्र आयएससी या संस्थेचा जुना डीएचसीपी प्रोग्रॅम सोडून तिच्याच नव्या 'किया'कडं जावं, जुन्याची देखभाल २०२२ लाच थांबलीय.

आणि दोन्ही मशीन एकाच युपीएसवर, नेटवर्कच्या वायरी जोडायच्या एकाच स्विचला लावू नका. शाहूपुरीत तर २०१९ ला आणि २०२१ ला पाणी शिरलेलं सगळ्यांनी बघितलंय, तिथं निदान एक तरी वरच्या मजल्यावर ठेवा.

पतसंस्थांच्या संचालकांना माझी हात जोडून विनंती आहे की एएमसीच्या, म्हणजे वर्षाच्या देखभाल कराराच्या, कागदात पत्ते वाटणारं दुसरं मशीन पाहिजे ही एक ओळ घाला आणि काम झालं असं कुणी सांगितलं तरी तेवढ्यावर सही करू नका. शनिवारी काउंटर बंद झाला की मुख्य मशीनची वायर स्वतःच्या डोळ्यासमोर काढायला लावा, कॅशियरच्या कॉम्प्युटरवरचा जुना पत्ता सोडून नवा मागायला लावा, आणि पासबुक प्रिंट निघतंय का बघा. १५-२० मिनिटं लागतात.

आपला,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर