व्हॉल्व्ह उतरवू न देणाऱ्या वायरमनकाकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

'व्हॉल्व्हला हात लावू नका, आधी कपलर (वायरींचा प्लग) बघा,' हे तुमचं वाक्य आता गॅरेजात सगळ्यांच्या तोंडी बसलंय. त्याबद्दल हे जाहीर आभार. जाहीर अशासाठी, की गाडीतला बिघाड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०४०३ हा कोड दिसला की थेट नवा ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे थोडा धूर इंजिनात परत फिरवणारा व्हॉल्व्ह, मागवायची खोड एकट्या लालबागची नाही.

कोड नीट वाचायला तुम्ही शिकवलंत. पी०४०१ म्हणजे परत फिरणारा धूर कमी पडतोय, तिथे कार्बनवर संशय घ्या. पी०४०३ म्हणजे व्हॉल्व्ह चालवणाऱ्या सर्किटमध्ये घोळ. पी०४०५ आणि पी०४०६ म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडलाय ते सांगणाऱ्या पोझिशन सेन्सरचा व्होल्टेज फार खाली किंवा फार वर. कोड गल्ली दाखवतो, खोली नंबर नाही.

सगळ्यात मोठा धडा पाच वॅटच्या बल्बचा. मीटरवर १२ व्होल्ट आले की वायर चांगली, हा आमचा जुना समज. पण मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. वायरीतली एकच तार शाबूत असली तरी तो बिनधास्त १२ दाखवतो. पाच वॅटचा बल्ब साधारण ०.४ अँपिअर ओढतो. दोन पिनांच्या व्हॉल्व्हमधल्या सोलेनॉइडची (तो उघडणाऱ्या विजेच्या चुंबकाची) कॉइल २५ ओहमची असेल तर तीही अर्ध्या अँपिअरच्या आसपासच घेते. म्हणजे बल्ब व्हॉल्व्हचंच सोंग घेतो. इग्निशन ऑन करून, सप्लाय पिन आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांमध्ये तो मलूल लागला की वायर किंवा जोड मध्येच कुठेतरी खाल्ला गेलाय असं समजायचं. २१ वॅटचा बल्ब मात्र ईसीएमच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) कंट्रोल वायरीला लावायचा नाही. तो पावणेदोन अँपिअर मागतो आणि ईसीएमच्या आतला, व्हॉल्व्ह चालू-बंद करणारा ड्रायव्हर जळू शकतो. पोझिशन सेन्सर असलेल्या पाच पिनांच्या व्हॉल्व्हवर सेन्सरच्या वायरींना तर कुठलाच बल्ब नको, तिथे फक्त मीटर.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे ड्रॉप, म्हणजे वायरीत वाटेत किती व्होल्ट गळतात ते मोजणं. कपलर लावलेलाच ठेवायचा, मागच्या बाजूने बारीक पिन सरकवायची, स्कॅनरने व्हॉल्व्ह चालू करायचा आणि मीटर बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून सप्लाय पिनपर्यंत लावायचा. ०.२ व्होल्टपर्यंत चालतं. अर्धा व्होल्ट दिसला की फ्यूज, रिले, मधले जोड असं एकेक करत मागे जायचं. ही मोजणी आम्ही कधीच करत नव्हतो, कारण कपलर काढल्याशिवाय तपासणी होते हेच डोक्यात नव्हतं.

आता कपलर. पावसात तुंबणाऱ्या हिंदमाताचं पाणी तुडवून आलेली गाडी असो की वर्षभर समुद्राच्या वाऱ्यात उभी असलेली, रबरी सीलमधून ओल आत शिरते आणि पिनेवर हिरवा थर चढतो. तो डोळ्यांना दिसतो तरी. न दिसणारा घोटाळा आमच्याच हातचा: मीटरची जाड सळई कपलरच्या बारीक खाचेत खुपसून आम्ही ती खाच फाकवत होतो. मग कपलर 'टक्' करून बसतो, पण आत पिन सैल. खड्डा आला की कॉन्टॅक्ट सुटतो, आणि कोड कधी येतो, कधी जातो. तुम्ही जुन्या कपलरमधून कापलेली नरपिन (खाचेत बसणारी पिन) खाचेत घालून हलकेच ओढून दाखवलीत. चांगल्या खाचेत ती थोडी अडते, फाकलेल्या खाचेतून लोण्यातून सुरी यावी तशी निघते. ही तपासणी कुठल्याही स्कॅनरवर नाही.

कॉइल थंड असताना बरोबर आणि गरम झाल्यावर बंद, असंही होतं. हेअर ड्रायरने तापवून ओहम बघायचे. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो, त्यामुळे २५ ओहमची कॉइल ८० अंशांनी तापली तर ३३च्या आसपास जाणार. ते दुखणं नाही. आकडा उडायला लागला किंवा कॉइल एकदम ओपन (आतून तुटलेली) दिसली, तरच व्हॉल्व्ह बदला.

पाच पिनांच्या व्हॉल्व्हबद्दल एकच: सेन्सरला ५ व्होल्ट मिळत नसतील तर लगेच ईसीएमला दोष नको. तीच लाइन बऱ्याचदा इतर सेन्सरनाही जाते, आणि त्यातला एखादा शॉर्ट झाला की सगळ्यांना खाली ओढतो. एकेक कपलर काढत जायचं आणि ५ व्होल्ट कधी परत येतात ते बघायचं.

आणि ईजीआरची वाटच बंद करणारी डमी प्लेट! ती मारा म्हणणारी गिऱ्हाइकं अजून येतात. ईजीआर ज्वलनाचं तापमान खाली ठेवतो म्हणून नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतात. पीयूसीत डिझेल गाडीचा नुसता धूर मोजतात, हे वायू मोजत नाहीत, म्हणून प्लेट लावलेली गाडी आरामात पास होते. तुम्ही त्या कामाला 'नाही' म्हणता. आता आम्हीही म्हणतो.

जोड कसा द्यायचा तेही तुमच्याकडूनच उचललं: आतलं तांबं काळं दिसतंय तोवर वायर मागे कापत जायची, चकचकीत तार लागली की थांबायचं. वर आतून गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह, नुसती काळी टेप नाही. कपलरजवळ वायरीला खाली झोळ द्यायचा, म्हणजे पाणी झोळातून गळतं, कपलरात उतरत नाही.

तुमची ती कापलेली नरपिन आमच्या टूलबॉक्सातच राहिलीय. आणून देतो, पण आधी तशीच दुसरी कापून घेतो.

आपले,
लालबागच्या गॅरेजातले आम्ही सगळे