सूचना : पितृ पर्वतावर लेटरबॉक्सिंग, येत्या रविवारी

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी ठीक ६:३० वाजता इंदूरला गांधीनगरच्या पुढे, पितृ पर्वताच्या पायथ्याशी जमायचे आहे. नऊनंतर ऊन चढते, म्हणून उशीर नको.

खेळ नवा असणाऱ्यांसाठी : चढावाच्या वाटेवर छोटे डबे लपवलेले असतील. प्रत्येकात एक वही आणि हाताने कोरलेला शिक्का. डबा सापडला की त्यातला शिक्का आपल्या वहीत उमटवायचा, आपला त्यातल्या वहीत. तारीख घालायची आणि डबा होता तिथेच, होता तसाच ठेवायचा. १८५४ साली इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळरानावर हा खेळ सुरू झाला. तिथे आजही तो जोरात चालतो.

सोबत आणा :
- कोरी वही, पेन, स्टॅम्प पॅड
- आपला शिक्का. साधा खोडरबर कोरून छान होतो. अक्षरे मात्र उलटी कोरा. मुलांना कटर देऊ नका, त्यांनी चित्र काढावे, कोरावे मोठ्यांनी.
- होकायंत्र (मोबाइलमधले चालेल), पाणी, बूट

सगळ्यात महत्त्वाचे. इथली झाडे लोकांनी आपल्या आईवडिलांच्या, आजीआजोबांच्या स्मरणार्थ लावलेली आहेत. कुठेही उकरायचे नाही, फांदी वाकवायची नाही, आळ्यात पाय द्यायचा नाही. एकही डबा मातीत पुरलेला नाही, त्यामुळे तशी गरजच पडणार नाही. हनुमानाच्या मूर्तीकडे दर्शनाला येणाऱ्यांची वाट अडवू नका.

बारा वर्षांखालील मुलांसोबत घरचे मोठे माणूस हवेच. नावे शुक्रवार संध्याकाळपर्यंत कळवा, म्हणजे डबे शोधायच्या खुणांचे कागद तेवढे काढता येतील. पोहे-जिलबी मंडळातर्फे.