चि. ओंकारला, पीएचडीबद्दल

चेंबूर, मुंबई

चि. ओंकार यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तू, मी आणि बाबा तिघेही एकदम बोलतो आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो, म्हणून लिहिते आहे. हातात नोकरीचं पत्र असताना लेझर प्लाझ्मात, म्हणजे लेझरने तापून इलेक्ट्रॉन सुटे झालेल्या वायूत, पीएचडी करावी का, असं तू विचारलंस. माझी सगळी नोकरी वर्णपट, म्हणजे प्रकाशाचे सुटे केलेले रंग, बघण्यात गेली, तेव्हा मी तटस्थ नाही, हे धरूनच वाच.

या विषयाने मला का धरून ठेवलं, ते वर्णपटातल्या दोन रेषांवरून सांगते. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या जागी असतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सनने गुंटूरहून सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. त्या ज्वाळांच्या प्रकाशात एक पिवळी रेषा होती. सोडियमच्या पिवळ्या रेषांची जोडी ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला असते, ही मात्र ५८७.६ ला. खगोलशास्त्रज्ञ लॉकयरने त्याच वर्षी इंग्लंडमधून ती तपासली आणि हे नवं मूलद्रव्य असावं असं मानलं. १८९५ मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॅम्झेला पृथ्वीवरच्या खनिजात तेच मूलद्रव्य, हेलियम, सापडलं, आणि तो अंदाज खरा ठरला.

दुसरी रेषा १८६९ च्या ग्रहणातली, हिरवी, ५३०.३ नॅनोमीटरची. तीही कशाशी जुळेना, म्हणून तिच्यासाठीही नवं मूलद्रव्य कल्पिलं गेलं, 'कोरोनियम'. जवळजवळ सत्तर वर्षं ते नाव टिकलं. मग ग्रोट्रियान आणि एडलेन यांच्या कामातून कळलं, की ते साधं लोखंड आहे, फक्त तेरा इलेक्ट्रॉन गमावलेलं. म्हणजे सूर्याच्या प्रभामंडळाचं, त्याच्या बाहेरच्या विरळ वातावरणाचं, तापमान दहा लाख अंशांच्या घरात! रेषा बिनचूक मोजली होती, पण ती ज्या प्लाझ्मातून आली त्याची अवस्था कुणाला ठाऊक नव्हती. किती तापमानाला आणि दाबाला अणू किती आयनीभूत होतो, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावतो, याचं समीकरण आपल्या मेघनाद साहांनी १९२० मध्ये दिलं होतं. वर्णपट आणि प्लाझ्मा हे दोन विषय वेगळे शिकवतात, ते मला कधीच पटलं नाही.

तुझ्या हाताखाली येईल ते कामही याच जातीचं. लेझरचा काही नॅनोसेकंदांचा स्पंद (पल्स) नमुन्यावर पडला की पृष्ठभागाचा कण उडून त्याचा प्लाझ्मा होतो. पहिल्या क्षणी तो नुसता पांढरा लखलखाट असतो, रेषा त्यात बुडालेल्या असतात. साधारण मायक्रोसेकंदभर थांबून मग प्रकाश टिपणारा शोधक (डिटेक्टर) उघडायचा. हे थांबणं किती, ते दर नमुन्याला नव्याने ठरवावं लागतं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चांद्रयान-३ च्या प्रज्ञान गाडीने याच पद्धतीने चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ गंधक असल्याचं दाखवलं, तेव्हा मी टीव्हीसमोर उभी राहून रडले होते.

आणि एक रेषा जुळली म्हणून मूलद्रव्य सापडलं असं कधी लिहू नकोस. लोखंडाच्या रेषा इतक्या असतात की कुठली ना कुठली कुठेही जुळते. मुंबईत तर सोडियमची जोडी न बोलावता हजर असते, खारट हवेतून आणि बोटांच्या घामातून.

आता पोटाचं. फेलोशिपमध्ये हॉस्टेलवर राहून निभतं, या शहरात घर भाड्याने घेऊन नाही. पाच-सहा वर्षं जातात, मग बहुधा परदेशी पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधनाची नोकरी, आणि नंतरही जागा मिळेलच असं नाही. पण दारं आहेत, संशोधन संस्थांची: कुलाब्याला टीआयएफआर, ट्रॉम्बेला बीएआरसी, इंदूरला आरआरकॅट, गांधीनगरला प्लाझ्मा संशोधन संस्था. उद्योगातही आहेत. सगळ्यात बारीक चिप्स छापायला लागणारा १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश कथिलाच्या थेंबांवर लेझर मारून, प्लाझ्मातूनच काढतात, सेकंदाला सुमारे ५० हजार थेंब. बाबांना हे सांग, त्यांना 'याचा उपयोग काय' असं विचारायची सवय आहे.

एका बाबतीत मात्र मी ऐकणार नाही. १०६४ नॅनोमीटरचा लेझर किरण डोळ्याला दिसत नाही, म्हणून पापणी मिटून वाचवत नाही. लेझरच्या संरक्षक चष्म्याशिवाय प्रयोगशाळेत पाऊल नको, आणि संरेखन करताना, म्हणजे किरण-आरसे जुळवताना, अंगठी, घड्याळ काढून ठेवायचं. वरिष्ठ काढत नसले तरी तू काढायचं.

तुला टेबलावर आरसे जुळवत दिवस घालवायला आवडतं, हे मी तुझ्या एमएस्सीच्या प्रकल्पात पाहिलं आहे. म्हणून माझं मत पीएचडीच्या बाजूचं आहे. गाइड ठरवण्याआधी मात्र तिथल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांना एकटा जाऊन भेट. लेझर महिन्यातले किती दिवस चालू असतो, बिघडला तर दुरुस्त कोण करतं, आधीची मुलं आता कुठे आहेत, हे विचार. कंपनीला उत्तर कधीपर्यंत द्यायचं आहे तेही कळव, म्हणजे त्याआधी एकदा बाबांशी मी नीट बोलते.

तुझी,
आई