डबल बेल

यलोनाइफ, कॅनडा
16 फेब्रुवारी 2025

प्रिय सुमे,

तुझा टोमणा पोचला. ‘माझ्या लेकीच्या, मनीच्या लग्नाला यायला जमत नाही, पण तळ्यावरून ट्रक हाकायला बरं जमतं!’ दोनदा वाचला. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा नाही. फोन केला तर तू नुसती ‘हं, हं’ करतेस, म्हणून सरळ पत्र लिहायला बसले. वादळामुळे सकाळपासून रस्ता बंद आहे. बाहेर उणे 38. इंजिन चालूच ठेवलंय, बंद केलं तर उद्या त्याला जागं करायला चार माणसं आणि अर्धा दिवस लागेल. मागच्या बंकवर हे घोरतायत. खरे घोरतायत. म्हणजे काय ते पुढे सांगते.

आधी तिथीचं भांडण मिटवू. आमचा बर्फाचा रस्ता वर्षातून जेमतेम आठ-नऊ आठवडे असतो. जानेवारी संपता संपता उघडतो आणि मार्चअखेर, फार तर एप्रिलच्या सुरुवातीला, विरघळून जातो. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा पहिल्यापासून बांधायचा. वरच्या हिऱ्यांच्या खाणींना वर्षभर लागणारं डिझेल, सिमेंट, स्फोटकांची रसायनं, यंत्रांचे सुटे भाग, सगळं एवढ्याच दिवसांत न्यायचं असतं. एरवी तिकडे विमानाशिवाय वाट नाही. 2006 च्या हिवाळ्यात थंडीच नीट पडली नाही, रस्ता लवकर मिटला आणि राहिलेला माल विमानांनी वाहावा लागला. पुढच्याच वर्षी मग जवळजवळ 11 हजार खेपा झाल्या. आमची अर्ध्या वर्षाची बेगमी या आठ आठवड्यांत होते गं. आणि तुझ्या व्याह्यांनी मुहूर्त काढला तो नेमका फेब्रुवारीतला! मी काय करू, सांग.

रस्ता म्हणजे काय ते तुला कधी नीट सांगितलंच नाही. एडमंटनच्या घरून यलोनाइफपर्यंत साडेचौदाशे किलोमीटर, तो नेहमीचा रस्ता. वाटेत मॅकेंझी नदी लागते. 2012 मध्ये तिच्यावर पूल झाला. त्याआधी उन्हाळ्यात फेरीबोट आणि हिवाळ्यात नदीच्या बर्फावरून गाडी. पूल ओलांडला की रानगवे. त्यांना बायसन म्हणतात, पण मला ते आपल्या दाजीपूरच्या गव्यांचे लोकरीचा कोट घातलेले चुलतभाऊच वाटतात. अंधारात डांबरावर उभे राहतात. अंग काळं, आणि डोळे हरणासारखे चमकत नाहीत, त्यामुळे अगदी पुढ्यात येईपर्यंत कळत नाही. त्या टापूत चालवणारा बोलत नाही आणि झोपणारा कुशी बदलत नाही.

यलोनाइफपासून सत्तरेक किलोमीटरवर टिबिट नावाचं तळं आहे. तिथे नेहमीचा रस्ता संपतो आणि आमचा सुरू होतो. खाणींपर्यंत साधारण 400 किलोमीटर, त्यातला शेकडा पंच्याऐंशी भाग गोठलेल्या तळ्यांवरून. एक तळं संपलं की जमिनीची चिंचोळी पट्टी, मग पुढचं तळं. त्या पट्टीला पोर्टेज म्हणतात. अशा साठावर पट्ट्या आहेत. निम्म्या वाटेनंतर झाडंही संपतात. मग वर पांढरं, खाली पांढरं, आणि मधून ट्रकचे दिवे.

आणि हा रस्ता बांधतात कसा, माहितेय? बर्फ झाडून! आपल्याकडे आइस आणि स्नो, दोन्हींना एकच शब्द, बर्फ. इथे मात्र त्यांचं सख्ख्या जावांसारखं वैर. वरून पडणारा भुसभुशीत बर्फ म्हणजे तळ्यावर पसरलेली गोधडी. गोधडी असली की खालचं पाणी उबेत राहतं, घट्ट गोठत नाही. म्हणून सुरुवातीला हलक्या गाड्या जाऊन ती गोधडी काढतात. तळं उघडं पडलं, थंडी थेट लागली की बर्फ खाली खाली जाड होत जातो. कमी पडला तर भोकं पाडून पाणी उपसतात, वर ओततात, थरावर थर. जाडी रडारने मोजतात आणि तेवढंच वजन सोडतात. आमची जोडट्रेलरची गाडी 30 चाकांची, भरल्यावर साडेत्रेसष्ट टन. म्हणजे माणसांनी गच्च भरलेल्या चार एसट्या समज. तिच्यासाठी मीटरभरापेक्षा जास्त बर्फ लागतो.

अप्पांना हे सांगितलं तेव्हा ते किती तरी वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणजे कोयनेच्या शिवसागरावरून गाडी घालायची?” तेहतीस वर्षं कराड आगारात एसटी चालवलेला माणूस, कुंभार्ली घाट रात्रीचा उतरवणारा. त्यांनी एवढंच विचारलं, “गिअर कुठला?” मी सांगितलं, की घाटातला तुमचा नियम इथेही चालतो, मस्ती करायची नाही. भरल्या गाडीला बर्फावर ताशी 25 किलोमीटरची मर्यादा आहे, काठाजवळ त्याहून कमी. का, तर जड गाडी चालली की बर्फ तिच्याखाली किंचित वाकतो आणि खालच्या पाण्यात लाट उठते. ती लाट गाडीबरोबर पुढे सरकते. वेग वाढवलास तर लाट काठावर जाऊन आपटते, तिथे वाट मिळाली नाही की बर्फ वर फोडून बाहेर येते. त्यामुळे वेग मोजणारे फिरत असतात, आणि मोडला तर सरळ निलंबन. अप्पा म्हणाले, “मग बरोबर आहे,” आणि पेपर वाचायला लागले. त्यांची परवानगी तीच.

आता तू मनीच्या लग्नाआधी फोनवर विचारलं होतंस ते. चोवीस तास नवऱ्याबरोबर एका खोक्यात कशी राहतेस? अगं, भेटतोय कुठे आम्ही! सीटमागे अडीच पावलांची जागा, त्यात बंक, एक चिमुकला फ्रीज आणि बॅटरीवर चालणारं भांडं, ज्यात मुगाची खिचडी दोन तासांत होते. हे चालवतात तेव्हा मी झोपते, मी चालवते तेव्हा हे. पाळी बदलताना दहा मिनिटं तोंड दिसतं, त्यात बोलणं काय, तर उजवीकडचा आरसा थरथरतोय आणि ठेच्याची बाटली कुठे आहे. मागच्या आठवड्यात लग्नाचा वाढदिवस झाला. दोन दिवसांनी आठवलं, तेसुद्धा मला नाही, ह्यांना.

एक पद्धत मात्र आहे आमची. झोपणारा मागे जातो, धक्क्याने पडू नये म्हणून बंकची जाळी लावून घेतो आणि पत्र्यावर दोनदा ठोकतो. टक टक. कंडक्टरची डबल बेल. मग गाडी सुटते. एकदा ठोकलं तर थांब. मीच सुरू केलं ते, ड्रायव्हरची मुलगी ना.

ठोकणं सोपं, झोपणं अवघड. पहिलं वर्षभर मी मागे डोळे मिटून ह्यांची गाडी चालवत असायचे. इथे ब्रेक, इथे गिअर, अहो आता दाबा ना! आणि ह्यांचंही माझ्या बाबतीत तेच. परवान्यासाठी मी 113 तासांचं शिक्षण घेतलंय, परीक्षेत ह्यांच्यापेक्षा कमी चुका केल्यात, तरी माझ्या पाळीत ह्यांचा डोळा लागायचा नाही. तोंडाने कधी म्हणाले नाहीत. फक्त मी जोरात ब्रेक लावला की मागून खाकरणं ऐकू यायचं.

मग दोन वर्षांपूर्वी बर्फावरची पहिली रात्र आली. पाळी माझी. गाड्या चार-चारच्या टोळीने सोडतात, दोन गाड्यांत अर्धा किलोमीटर अंतर. माझी चौथी. मागून टक टक झालं आणि मी टिबिट तळ्यावर उतरले. काठापासून शंभर मीटर गेले नसेन, तोच खालून आवाज. ताणलेली तार कुणीतरी लांबवर तोडावी तसा, मग भिंतीला भेग जावी तसा, आणि तो आवाज गाडीखालून निघून पुढे धावत गेला. माझे हात घट्ट. पुढच्या गाडीतला म्हातारा रेडिओवर म्हणाला, बर्फ बोलतोय तोवर छान आहे, वाकतोय म्हणजे तुटत नाही. ठीक आहे. पण माझं पोट ते ऐकायला तयार नव्हतं.

तेवढ्यात मागून घोरणं सुरू झालं. मोठ्ठं, सावकाश. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! हा माणूस झोपलाय म्हणजे मी नीट चालवतेय. दोन-तीन तळी त्या आवाजावर काढली. मग लक्षात आलं, की शिट्टी नाही. ह्यांच्या घोरण्याच्या शेवटी कुकरसारखी बारीक शिट्टी असते, सत्तावीस वर्षं ऐकतेय मी ती. हे सोंग होतं! मी घाबरलेय हे कळून बिचारे तास-दोन तास अंधारात पडून खोटं घोरत होते. मी काही बोलले नाही. बोलले असते तर हे थांबले असते ना. पहाटे केव्हा तरी, झाडं संपतात त्या सुमाराला, शिट्टी आली. तेव्हा मला रडू आलं. कशाला ते विचारू नकोस, डोळे पुसायलाही हात सोडवत नव्हते.

फार गोड गोड झालं का? मग हे घे. मागच्या महिन्यात यलोनाइफच्या यार्डात रात्रभर उभ्या गाडीचे ट्रेलरचे ब्रेक गोठले. ब्रेकचे पट्टे चाकाच्या ड्रमला चिकटून बसले, चाकं फिरेनात, नुसती फरफटायला लागली. उणे 42 मध्ये खाली वाकून हातोड्याने ड्रम ठोकत बसायचं, एकेक करत. ब्रेकच्या हवेच्या नळीची जोडणी काढताना मी हातमोजा काढला, फार तर पाच सेकंद. बोटाचं कातडं धातूवर राहिलं. ह्यांनी मलमपट्टी करायच्या आधी दहा मिनिटं भाषण दिलं. मीही मग पाच वर्षांपूर्वीची त्यांची एक चूक काढली. त्या दिवशी डबल बेल झाली नाही. चारशे मीटर गेल्यावर मीच गाडी थांबवली आणि म्हटलं, ठोका, नाहीतर मी जात नाही. ठोकलं. पण फार हळू.

आणि बाईमाणसाची अडचण तू विचारशीलच. तळ्यावर मध्येच थांबायचं नसतं, आणि उतरलीस तरी आडोसा कुठला? झाकणाची बादली आणि पिशवी. पडदा ओढायचा, रेडिओ मोठा करायचा. सत्तावीस वर्षांच्या संसारात लाज म्हणून जी काय उरली होती, ती पहिल्याच आठवड्यात संपली. निम्म्या वाटेवर लॉकहार्ट तळ्याची छावणी येते, तिथे गरम जेवण, अंघोळ. तिथल्या भिंतीला टेकून नुसतं उभं राहायलाही छान वाटतं, कारण ती हलत नाही.

मनीच्या अंगठीचा फोटो पाहिला. खडा नाजूक आहे, तिच्या बोटाला शोभतो. इथून निघालेले कच्चे हिरे फिरत फिरत सुरतेला पैलू पाडायला जातात बरेच. तेव्हा कुणी सांगावं, त्या खड्याच्या खाणीचं डिझेल आम्हीच नेलेलं असेल. एका खेपेला पन्नासेक हजार लिटर. आम्ही मात्र आजवर एकही हिरा पाहिलेला नाही. ते विमानाने जातात, आम्ही रिकामे परततो. डायव्हिक खाण 2026 मध्ये बंद होणार हे कंपनीने आधीच सांगितलंय. बाकीच्याही काही अमर नाहीत. मग हा रस्ता दरवर्षी कोण बांधणार? हे म्हणतात, तेव्हाचं तेव्हा. मला वाटतं, अजून दोन हिवाळे.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात येतेय. तिकीट काढलंय, मोडणार नाही. मनीला आणि जावईबापूंना जेवायला बोलव, पुरणपोळी मी करीन, तू नुसती बसून राग काढ. तुझ्या हातचा गोडा मसाला किलोभर करून ठेव, इथला संपत आलाय आणि खिचडीला चव राहिली नाही. अप्पांकडे एकदा जाऊन ये. गुडघा दुखतो, पण मला सांगत नाहीत.

रेडिओवर आत्ताच सांगितलं, रात्री नऊला गाड्या सोडणार. आमची तिसरी. ह्यांना उठवत नाही, पाळी माझीच आहे. जाळी लावलेली नाही मात्र, तेवढ्यापुरतं उठवावं लागेल.

तुझी,
मंदा

ता. क. मनीच्या लग्नाचा व्हिडिओ पाठवू नकोस, इथे उघडत नाही. आले की तुझ्या शेजारी बसून बघू, अख्खा.