अवेळी पाऊस आणि गोराईचे अंगण

महोदय,

मुंबई म्हटले की लोकल आणि उंच इमारती डोळ्यांसमोर येतात. पण याच महानगराच्या हद्दीतील गोराई-मनोरीत आम्हा ख्रिस्ती कुटुंबांचे वर्ष आजही अंगणातल्या उन्हावर चालते. ईस्टरचा सण झाला की ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळ मराठीभाषक ख्रिस्ती समाजाच्या, घरांत बाटली मसाल्यासाठी मिरची वाळत पडते आणि कोळीवाड्यात वलांडीवर, म्हणजे मासळी वाळवण्याच्या बांबूंच्या मांडणीवर, बोंबील चढतात. मिरची इतकी वाळावी लागते की देठ मोडताना कट्‌ असा आवाज आला पाहिजे. ओल राहिली, तर गडद रंगाच्या बाटलीत ठासून भरलेल्या मसाल्यालाही पावसाळ्यात बुरशी धरते.

२०२५ च्या मे महिन्यात हे सारे गणित कोलमडले. मोसमी पाऊस मुंबईत पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून असताना तो २६ मे रोजीच दाखल झाला, आणि त्याआधीच्या वळवाच्या सरींनीही उसंत दिली नव्हती. आईने रात्री दोनदा उठून मिरचीच्या चटया ओसरीत ओढल्या, तरी खालचा थर काळा पडलाच. शेजारच्यांचे भिजलेले बोंबील तर टाकूनच द्यावे लागले.

शेतातील पिकाचा निदान पंचनामा होतो. आमच्या नुकसानीची साधी विचारपूस करायलाही कोणी आले नाही. सुक्या मासळीच्या हानीचीही भरपाई मिळावी आणि वाळवणासाठी गावात छप्पर असलेले सामाईक ओटे बांधून द्यावेत, अशी कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, गोराई, मुंबई